गंगाक्काचा हत्ती आणि सोप्यातली भिंत

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी तोंड वाकडं करायला नको. माझ्याकडं एवढे किस्से साठले तेही रागामुळंच. ज्या गोष्टीचा राग आला नाही ती मी दोन दिवसांत विसरले. जिचा आला, ती मला त्या दिवशी कुणी कुठली साडी नेसली होती त्याच्यासकट आठवते. आता वय झालंय, साखर झालीय, डॉक्टर म्हणतात चिडू नका. म्हणून चिडत नाही, नुसतं सांगते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. राजारामपुरीत आमच्या घरच्या पुढच्या खोलीत मी भरतकामाचा क्लास चालवायची. दुपारी दोन ते चार, म्हणजे भांडी आवरल्यावर आणि पोरं शाळेतून यायच्या आत. बायका यायच्या, जायच्या. पण टिकून राहिल्या त्या तिघी. विमलताई, त्यांचे मिस्टर एस.टी.त कंट्रोलर. शालन, गडमुडशिंगीहून बसनं येणारी, सासूच्या नावानं रडणारी आणि रडता रडता सगळ्यांत सुबक टाका घालणारी. आणि गंगाक्का.

गंगाक्का कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावची. आईशी कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि सुईशी काहीच बोलायची नाही. तिला क्लासची गरजच नव्हती. तिच्या अव्वानं, म्हणजे आईनंच, तिला कशिदा शिकवला होता. काळ्या कापडावर धागे मोजून भरायचं, कुठं गाठ मारायची नाही, मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच दिसली पाहिजे. हत्ती, रथ, गोपूर, नंदी, मोर, पाळणा, तुळशी वृंदावन असे सात तुकडे तिला करायचे होते. मी विचारलं, "एवढे कशाला?" तर म्हणाली, "सोप्यातल्या भिंतीवर लावायचं हाय वैनी. एकदा बसून बघायचं हाय." एवढीच तिची इच्छा होती. स्वतःच्या घरात, पुढच्या सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा भिंतीवर.

आता ही काय मोठी गोष्ट आहे का, सांगा. पण ऐका.

भरतकाम करणं सोपं. ते भिंतीवर लावणं अवघड. तेव्हा फ्रेम करायची म्हणजे पॉलिशची पट्टी, काच, मागं पुठ्ठा आणि वर मजुरी. फ्रेमवाल्यानं सांगितलेल्या भावात एक बरी साडी आली असती. आणि घरी विचारलं की ठरलेलं उत्तर, "त्याला फ्रेम कशाला? उशीचा अभ्रा कर की!" सहा महिने डोळे फोडून भरलेल्या राधाकृष्णावर कुणीतरी डोकं ठेवून घोरणार. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणून मी ठरवलं, फ्रेम आपण स्वस्तात बसवायची. कशी बसवायची ते मला ठाऊक नव्हतं. ते शिकता शिकता हे सगळं झालं.

*

पहिली पाळी विमलताईंची. त्यांनी मॅटीवर दोन हरिणं भरली होती. मॅटी म्हणजे चौकड्यांच्या विणीचं जाड कापड, चौकडी मोजून टाके घालायचे. पायाखाली गवत, गवतात फुलं. पाच महिने लागले. फ्रेमवाल्याला त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा स्वस्तात बसवा." त्याच्याकडं कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेली एक तयार फ्रेम पडून होती. तो म्हणाला, "ह्यात बसवतो, निम्म्यात होईल." विमलताई खूश होऊन घरी आल्या.

चार दिवसांनी फ्रेम आली. हरिणांना पाय नव्हते. गवत नाही, फुलं नाहीत, गुडघ्यापासून खाली सगळं कात्रीनं कापून टाकलेलं. मी विमलताईंचा हात धरला आणि तशीच दुकानात गेले. त्याला म्हटलं, "पाय कुठं आहेत?" तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमीच म्हटलासा की स्वस्तात बसवा. बसवलं. उभी ऱ्हायली असती तर काच वाढली असती."

दुकानात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण दुकानापेक्षा जास्त राग आला तो घरी. विमलताईंच्या मिस्टरांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "चांगलं दिसतंय की. बसल्यात हरणं." पाच महिने ते त्याच खोलीत पेपर वाचत होते. बायको मांडीवर उभी हरिणं भरत होती, ते त्यांना दिसलंच नव्हतं.

त्या दिवशी मी क्लासमध्ये नियम केला. आधी चौकट हातात घ्यायची, तिचं माप घ्यायचं, मग चौकड्या मोजायच्या आणि मगच पहिला टाका. गंगाक्कानं मान डोलावली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती एक सुतळी घेऊन आली, सुतळीला दोन ठिकाणी गाठी मारलेल्या. त्या मापानं तिनं काळ्या कापडाचे सात तुकडे बेतले. कुठल्या चौकटीचं माप, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष अजून हरिणांच्या पायात अडकलेलं होतं.

*

दुसरा किस्सा सांगताना राग माझा मलाच येतो. शालनची राधाकृष्णाची जोडी पूर्ण झाली. फ्रेमवाल्याकडं जायचं नाही असं ठरलेलं. मी शहाणी, मी सांगितलं, "प्लायवूडच्या तुकड्यावर खळ लावून चिकटव, वर जुन्या फोटोची काच ठेव, कडेनं लेस लाव. झाली फ्रेम." खळ म्हणजे आपली गव्हाच्या पिठाची, पतंगाला लावतो ती. शालननं तसंच केलं. सुरेख दिसत होतं. मी सगळ्यांना दाखवलं, माझीच पाठ थोपटून घेतली.

श्रावणात शालन रडत आली. उंदरांनी फ्रेमच्या कडेनं शिरून खळीसकट कापड खाल्लं होतं. तेही कसं, कृष्णाला तोंड लावलं नाही आणि राधा गुडघ्यापासून वेणीपर्यंत साफ. बासरी वाजवणारा कृष्ण एकटाच प्लायवूडकडं बघत उभा!

"सासूबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

शालननं नाक पुसलं. "म्हनल्या, बरं झालं, कुणाच्या तर पोटात गेलं."

मी आजतागायत त्या बाईला क्षमा केलेली नाही. त्या वारल्या, तेव्हा भेटायला गेले, पण क्षमा केली नाही. स्वतःलाही नाही. तेव्हापासून चिकटवणं बंद. साड्यांच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घ्यायचा, त्यावर कापड ताणायचं आणि मागून जाड दोऱ्यानं इकडून तिकडं आवळत जायचं, खाटेची नवार आवळतात तसं. कापडाला डाग नाही, उंदराला खाऊ नाही, आणि पुढं-मागं कधी काढावं वाटलं तर दोरा उसवला की झालं. ही आमची सगळ्यांत मोठी अक्कल. पण पुठ्ठ्याभोवती चौकट लागतेच. तिचं काय?

*

विमलताईंनी चौकटीवर तोड काढली. कणकेची चाळण फाटली होती. जाळी काढून टाकली, लाकडी कड घासली, सोनेरी रंग दिला आणि त्यात गोल गुलाबाचा गुच्छ बसवला. एक पैसा गेला नाही. मला इतकं आवडलं की मी सगळ्यांना घेऊन त्यांच्या घरी बघायला गेले.

बघतो तर गुलाबावर बनियन. मिस्टर आंघोळीला गेले होते. बाहेर आले, आम्हाला बघून ओशाळले, बनियन काढून घातलं आणि बायकोचं कौतुक म्हणून म्हणाले, "विमलनं खुंटी झकास केलीया."

विमलताई हसल्या. मी हसले नाही. ह्या बायका हसून सोडून देतात, त्याचाच मला जास्त संताप येतो. वाटेत मी त्यांना तसं बोलले. तेव्हा गंगाक्का म्हणाली, "वैनी, तिच्या भिंतीवर खिळा तरी हाय. आमच्यात खिळा मोकळा न्हाई."

*

गंगाक्काच्या घरची भिंत कशी होती ते इथंच सांगते. तिचे मालक, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, एका दूध संस्थेचे चेअरमन. शिवाय दोन तरुण मंडळांचे अध्यक्ष, एका तालमीचे आश्रयदाते. शिरोळकडं ऊस होता, तो भाऊ बघायचे. आण्णा सत्कार बघायचे. आपल्याकडं सत्कार कसा होतो, ठाऊकच आहे. शाल, श्रीफळ, फेटा आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र. मानपत्रात नाव सोडून सगळा मजकूर सारखाच, कारण छापखाना एकच. सोप्यातल्या समोरच्या भिंतीवर ओळीनं सात मानपत्रं होती. दर शनिवारी गंगाक्का स्टुलावर चढून ती पुसायची.

तिनं एकदा विचारलं होतं, फ्रेम करून द्या म्हणून नाही, नुसतं एवढंच की एक जागा द्या. आण्णा भिंतीकडं हात करून म्हणाले, "ह्यातलं कुठलं काढू, तूच सांग."

तिनं सांगितलं नाही. ट्रंकेत सात तुकडे घडी करून ठेवले आणि क्लासला येत राहिली.

मी असते तर! पण मी नव्हते, म्हणून सोडा.

*

माझ्या स्वतःच्या घरी एक खरी, दुकानात करून आणलेली फ्रेम होती. रेशमाचा मोर. लग्नाआधी मी भरलेला, वडिलांनी हौसेनं करून दिलेली फ्रेम. तो मोर म्हणजे माझा जीव. आणि तोच माझी डोकेदुखी झाला, कारण रुखवत.

मुलीच्या लग्नात रुखवत मांडायचं, त्यात मुलीच्या हातचं भरतकाम पाहिजेच. मुलगी बी.कॉम. करणार, टायपिंग शिकणार, सुई कधी धरणार? मग आई माझ्याकडं यायची. "वैनी, एका दिवसापुरता मोर द्या की!" नाही म्हणायची सोय नव्हती, सगळी गल्लीतली माणसं. मोर जायचा, खाली चिठ्ठी लागायची, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले', आणि हळदीचे डाग घेऊन परत यायचा. मी दात खाऊन पुसून ठेवायची.

कोडोलीला एक लग्न होतं, त्यात मोर गेलेला आणि मलाही आमंत्रण. नवरदेवाची आत्या, जाडजूड बाई, रुखवतासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं चिठ्ठी वाचली. मग मोराकडं बघितलं. मग वाकून अगदी जवळून बघितलं. मुलीच्या आईचा चेहरा उतरला. मी मांडवाच्या खांबाआड गेले.

आत्या मोठ्यानं म्हणाली, "पोरीचं पहिलं असंल, पन ह्या मोराचं ह्ये चौथं लगीन हाय. तिनात मी जेवलीया!"

मांडवात हशा पिकला. ती मुलगी स्टेजवर बसली होती, तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी आत्यावर चिडले, आईवर चिडले, पण खरी चिडले त्या रुखवताच्या टेबलावर. जे काम कुणी शिकवलं नाही, ज्याला घरात खिळा मिळत नाही, ते लग्नात एक दिवस मांडलंच पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं ते कुणी विचारायचं नाही. मोर मी त्याच दिवशी परत आणला. पुन्हा दिला नाही. त्यावरून तीन घरं माझ्याशी बोलेनाशी झाली.

*

चौकटींचा खरा शोध लावला शालननं. गडमुडशिंगीला बसथांब्याजवळ एक पिंपळ होता. देवांचे जुने फोटो, काच फुटली, पाणी शिरलं, रंग उडाला, की लोक पिंपळाच्या पारावर आणून ठेवायचे. घरात ठेवायचे नाहीत आणि फेकायचेही नाहीत. चांगल्या सागवानी चौकटी पावसात कुजत पडलेल्या. शालन मला म्हणाली, "वैनी, देव काडून तितंच ठेवला, पाया पडली आन नुसती चौकट आनली. चालतंय न्हवं?"

मी म्हटलं, पळत जा आणि आणखी आण.

तिनं तीन आणल्या. साबणानं धुतल्या, खोबरेल चोळलं, लाकूड असं उजळलं की दुकानवाला लाजला असता. एकीत पुठ्ठ्यावर आवळलेला तिचा पोपट बसवला आणि दाराशेजारी लावला. आठवड्याभरात शेजारीण हजर, कपाळावर आठ्या. "ही चौकट आमची. आमच्या देवाची हाय. काढ ती."

शालननं मला निरोप पाठवला. मी पुढची बस धरून गेले. भांडणाला मी कधी उशीर केलेला नाही. अंगणात बायका जमलेल्या. मी त्या शेजारणीला विचारलं, "देव पारावर टाकताना काही वाटलं नाही, आणि चार लाकडांसाठी भांडताय?"

ती बाई जराही न चाचरता म्हणाली, "मी देव टाकलाय, चौकट न्हाई."

चौकट द्यावी लागली. शेजारणीनं तिच्यात दहावी पास झालेल्या मुलाचा फोटो बसवला.

हा किस्सा मी क्लासमध्ये तावातावानं सांगत होते. विमलताई पोट धरून हसत होत्या. गंगाक्का मात्र सुई थांबवून बघत होती. तिनं हळूच विचारलं, "वैनी, चौकटीत आदीच काय असंल, तर ते काडायलाच लागतंय काय? वरनं बसत न्हाई?"

मी म्हटलं, "बसतं की. खिळे काढायचे, काचेखाली घालायचं, पुन्हा खिळे मारायचे. पुठ्ठाही लागत नाही. आत असतंच काहीतरी कडक."

"हं," म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

*

त्यानंतरच्या सोमवारी ती शालीत गुंडाळून काहीतरी घेऊन आली. शाल सत्काराची होती. आत मानपत्र, तेही तालमीचं. तिनं पिशवीतून हत्ती काढला आणि चौकटीवर ठेवला. एक दोराभर कमी नाही, एक दोराभर जास्त नाही. तेव्हा मला ती गाठी मारलेली सुतळी आठवली. ही बाई दर शनिवारी स्टुलावर चढून नुसती धूळ पुसत नव्हती.

आम्ही चौघींनी मिळून मागचे खिळे काढले. मानपत्राला धक्का लावला नाही. त्याच्यावर हत्ती ताणला, काच पुसली, खिळे ठोकले. चार वाजायच्या आत फ्रेम परत भिंतीवर, आपल्या जागी.

मला वाटलं, संध्याकाळी घरात रणकंदन होणार. मी माझी भाषणं तयार ठेवली होती. दुसऱ्या दिवशी गंगाक्का आली. "काय म्हणाले?"

"काय न्हाई."

आठवडा गेला. "काय म्हणाले?"

"बघितलंच न्हाई."

महिना गेला. आण्णा रोज त्या भिंतीखाली बसून चहा प्यायचे, फोनवर बोलायचे, लोकांना भेटायचे. हत्ती डोक्यावर. दुसऱ्या महिन्यात रथ गेला, मग गोपूर, मग नंदी. मला ह्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. ओरडले असते तर निदान बघितलं असं झालं असतं. मी म्हटलं, "गंगाक्का, मी येऊन सांगते त्यांना." तिनं माझा हात दाबला. "नगं वैनी. मी बसून बघतोय रोज. दुपारी. तेवडं बास हाय."

पाच महिन्यांत सातही जागा भरल्या.

*

आणि मग आण्णांची साठी आली. मोठा कार्यक्रम हॉलवर होणार होता, पण त्याआधी सकाळी घरी चहापान. संस्थेचे डायरेक्टर, मंडळाची पोरं आणि प्रमुख पाहुणे म्हणून आण्णांचे शाळेतले गुरुजी. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आलेले, पण डोळे शाबूत. मी, विमलताई आणि शालन आत चहा गाळायला. सोप्याच्या दारातून सगळं दिसत होतं.

आण्णांची एक सवय होती. पाहुणे आले की ते भिंतीकडं पाठ करून उभे राहायचे आणि मागं न बघता, हात नुसता पाठीमागं फिरवत, पाठ म्हटल्यासारखी मानपत्रं सांगायचे. डावीकडून उजवीकडं. क्रम कधी चुकायचा नाही. त्या दिवशीही नवा फेटा बांधून ते तसेच उभे राहिले.

"गुरुजी, ह्ये पहिलं तालमीचं." गुरुजींनी हत्तीकडं बघितलं.

"ह्ये दूध संस्थेचं, रौप्यमहोत्सवाला दिल्यालं." रथ.

"ह्ये आपल्या मंडळाचं." गोपूर.

डायरेक्टर लोक एकमेकांकडं बघायला लागले. मंडळाच्या एका पोरानं तोंडात रुमाल कोंबला. पण चेअरमनला कोण सांगणार? आण्णा नंदीवरून मोरावर आले, मोरावरून पाळण्यावर, आणि तुळशी वृंदावनाशी येऊन थांबले. "सगळ्यात गुरुजींचा आशीर्वाद," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

गुरुजी उठले. काठी टेकत भिंतीपाशी गेले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक चौकट नाकाला काच लागेल इतक्या जवळून बघत गेले. मी गाळणी ठेवून ट्रे उचलला. मग ते वळले आणि म्हणाले, "आण्णा, काम फार नामी आहे. पण तुझं नाव कुठं दिसत नाही रे ह्यात?"

आण्णा अजून हात जोडून, पाठ भिंतीकडंच.

गंगाक्का माझ्या हातून ट्रे घेऊन बाहेर गेली. पदर सारखा केला, पहिला कप गुरुजींपुढं धरला.

"मागं हाय की, गुरुजी. च्या घ्या."